भरती, ओहोटी आणि धडाम!

समुद्र दिवसातून दोनदा उठून निघून जातो. लाट जरा मागे सरकते वगैरे नाही, अख्खा समुद्रच जातो. कधी एक-दोन किलोमीटर, कधी चांगला पाच किलोमीटरपर्यंत. मागे उरते ओली, चकचकीत, थेट क्षितिजापर्यंत सपाट पसरलेली वाळू. चपला हातात घ्या आणि चालत सुटा. काही तासांनी हे महाशय काही झालंच नाही अशा थाटात परत हजर!

ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यातलं चांदीपूर या एका गोष्टीसाठी फेमस आहे. गोव्याच्या गर्दीला कंटाळलेल्यांसाठी तर सॉलिड डेस्टिनेशन. पण तुम्ही चांदीपूरचं नाव ऐकलं असेल ते बहुतेक बीचमुळे नाही, बातम्यांमुळे. 'अग्नी', 'पिनाका', 'आकाश'... चाचणी यशस्वी झाली की बातमीच्या पहिल्या ओळीत चांदीपूर असणार हे ठरलेलं. हे बीचवालं चांदीपूर आणि ते बातमीतलं चांदीपूर, ही एकाच वाळूची दोन नावं आहेत.

"समुद्र बघायला ओडिशाला? अगं, अलिबाग काय वाईट आहे?" निघताना आईने विचारलंच. तिचं बरोबर होतं, पण आम्हा दारव्हेकरांना सगळेच समुद्र सारखेच लांब. आमच्याकडे काळी माती, पऱ्हाटी आणि एके काळी मोतीबाग स्टेशनात धापा टाकत येणारी शकुंतला. तीही आता बंद. तेव्हा सॅक पाठीला लावली, नेरमार्गे बडनेरा गाठलं आणि हावड्याकडे जाणारी गाडी पकडली.

हा रूट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बडनेरा सुटलं की धामणगाव, मग वर्धा नदी, आणि नदी ओलांडली की पुलगाव. गाडीच्या खिडकीतून पुलगाव म्हणजे इतर कुठल्याही स्टेशनसारखंच एक स्टेशन. पण तिथून काही अंतरावर लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, हजारो एकरांवर पसरलेला, देशातला सगळ्यात मोठा. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून किमान १६ जण गेले, आणि आसपासच्या गावांतले लोक रात्रीच पोराबाळांना घेऊन घराबाहेर पळाले. पुढे वर्धा, नागपूर आणि मग भंडारा रोड. तिथे जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना. २४ जानेवारी २०२५ ला तिथल्या स्फोटात आठ कामगार दगावले. अमरावतीहून नागपूरला रस्त्याने गेलात तर बाजारगावला स्फोटकांचा खाजगी कारखाना लागतो. तिथे १७ डिसेंबर २०२३ ला नऊ जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक बायकाच होत्या. आणि रुळांनी वर्ध्याहून खाली चंद्रपूरकडे वळलात तर भद्रावतीची आयुध निर्माणी. विदर्भ म्हटलं की पेपरवाल्यांना कापूस आणि संत्रीच आठवतात. आमच्याकडे पिकणारं हे तिसरं पीक कुणी मोजत नाही.

खडगपूरला गाडी बदलून बालासोर आणि तिथून ऑटोने सोळा किलोमीटर. वाटेत ऑटोवाल्याने दोन-तीनदा आरशातून बघत विचारलं, "दीदी, फिरायला की परीक्षेला?" रेंजमध्ये भरती निघाली की देशभरातून पोरं येतात म्हणे. फिरायला म्हटल्यावर तो जरा खट्टू झाला.

पहिली ओहोटी मी पहाटे गाठली. सुरूच्या झाडांमधून खाली उतरलं की समोर... काहीच नाही. खरंच काही नाही. ना लाट, ना गाज. मुंबईच्या समुद्राचा कसा सतत बॅकग्राउंड म्युझिकसारखा आवाज असतो, तसं काहीच नव्हतं. वाळूवर पाण्याने काढलेल्या बारीक वळ्या, जणू कुणी नुकतीच वखर फिरवलीय. लाल खेकड्यांची लगबग, जवळ गेलात की सगळे एका क्षणात बिळात. खूप लांबवर ठिपक्यांसारखी माणसं. तासभर चालल्यावर त्या ठिपक्यांच्या बायका झाल्या, कमरेला पदर खोचलेल्या, हातात जाळी. त्या शिंपले आणि कोळंबी गोळा करत होत्या. माझ्याकडे बघून एकमेकींत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. वाळूत उगाच चालणारं माणूस हे त्यांच्या दृष्टीने एक गंमतच असणार.

एकीने मला बोटाने दाखवलं: नालेसारख्या आकाराचं, ढाल पाठीवर घेतलेलं, काटेरी शेपटीचं एक जुनाट जनावर. हा हॉर्सशू क्रॅब. इकडे त्याला 'राम-लक्ष्मण कंकडा' म्हणतात, कारण तो बहुतेक वेळा जोडीने सापडतो. हा प्राणी डायनोसॉरच्याही आधीपासून, चाळीस कोटींहून जास्त वर्षं जवळजवळ असाच आहे. त्याचं रक्त निळं असतं आणि इंजेक्शनं, लसी निर्जंतुक आहेत का हे तपासायला औषध कंपन्या ते वापरतात. म्हणजे तपासणीचा धंदा इथे जनावरांच्याही मागे लागलेला आहे.

धडाम झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी टपरीवर चहा घेत होते. आधी छातीत काहीतरी दणकलं, मग कानात. समोरच्या बरणीतली बिस्किटं थरथरली. माझा अर्धा चहा बशीत. टपरीवाल्या माउसी (ओडियातही मावशीला माउसीच म्हणतात, ते एक बरं) शांतपणे दूध ढवळत राहिल्या. "पहिली वेळ?" त्यांनी हिंदीत विचारलं. "पहिल्यानंतर ग्लास हातात धरून ठेवायचा. अजून येतील." आणि आले. तीन-चार मिनिटांच्या अंतराने, सात की आठ. मग थांबले. माउसींच्या नातवाने अभ्यासाच्या वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं.

हा आवाज क्षेपणास्त्राचा नाही. चांदीपुरात दोन वेगळे कारभार आहेत आणि बाहेरच्यांना ते एकच वाटतात. क्षेपणास्त्रांची एकात्मिक चाचणी रेंज तशी अलीकडची, १९८० च्या दशकातली. २२ मे १९८९ ला पहिलं 'अग्नी' इथूनच उडालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८९५ मध्ये, इंग्रजांनी इथे तोफा आणून ठेवल्या होत्या. तेच आजचं 'प्रूफ अँड एक्सपेरिमेंटल एस्टॅब्लिशमेंट', लोकांच्या तोंडी नुसतं 'पीएक्सई'. आता ते डीआरडीओकडे आहे. म्हणजे टिळकांनी रायगडावर शिवजयंतीची हाक दिली त्या सुमारापासून इथे गोळे पडताहेत.

आणि इंग्रजांनी हीच जागा का निवडली? उत्तर माझ्या पायाखाली होतं. समुद्र उथळ, तळ सपाट, किनारा लांबलचक आणि वर ओहोटी! गोळा समुद्रात डागा, काही तास थांबा, पाणी आपोआप निघून जाईल. मग चालत जा आणि गोळा उचलून आणा. कुठे पडला, कसा फुटला, फुटलाच नाही तर का नाही, सगळं हातात घेऊन बघा. खोल समुद्रात पडलेला गोळा कायमचा गेला. चांदीपूरचा समुद्र तो परत करतो. ज्या गोष्टीसाठी आपण टुरिस्ट लोक इतक्या लांब येतो, नेमकी तीच गोष्ट बघून तोफा इथे आल्या. ब्रोशरमध्ये 'निसर्गाचा चमत्कार', लष्कराच्या हिशोबात फुकटचा कामगार, रोज दोन पाळ्या.

'प्रूफ' म्हणजे काय, तर कारखान्यातून तयार होऊन निघालेल्या दारूगोळ्याच्या लॉटमधून काही नग बाजूला काढायचे आणि खरोखर डागून बघायचे. नळीत दाब किती झाला, गोळा किती वेगाने सुटला, किती लांब गेला, फ्यूज वेळेवर पेटला का. आपण भाताचं एक शीत चेपून बघतो ना, तसंच. शीत शिजलं असेल तर अख्खं भांडं पास. पास झालेला माल मग डेपोत जातो. आता तो मघाचा रूट आठवा. कारखाने विदर्भात, डेपो पुलगावात, आणि शीत चेपायच्या ज्या मोजक्या जागा देशात आहेत त्यांतली सगळ्यात जुन्यांपैकी एक इथे. पिनाका रॉकेटचं तर बघा: डिझाइन पुण्यात पाषाणला, नोव्हेंबर २०२० मध्ये सुधारित रॉकेटची चाचणी झाली ती चांदीपुरात आणि ती रॉकेटं बनवली होती नागपूरच्या कंपनीने. ज्या गाडीत मी खिडकीची सीट पकडून भेळ खात आले, त्याच पट्ट्याचा माल इथे वाळूत येऊन पडतो.

खुणा कुठे दिसतात, असं विचाराल तर तशा फारशा नाहीत. लांबच लांब कुंपण, त्यावर काटेरी तार, फोटो काढू नका अशा पाट्या, किनाऱ्यालगतचे निरीक्षण मनोरे. कॅमेरा बाहेर काढला की दुरून शिट्टी. गोळ्यांचे खड्डे वगैरे शोधत असाल तर विसरा. भरती आली की वाळू पुन्हा कोरी. एकशे तीस वर्षं मारा झेलूनही जमिनीवर ओरखडा नाही असा पट्टा जगात दुसरीकडे क्वचितच असेल. इंग्लंडमध्ये ऑरफर्ड नेस नावाची अशीच एक लष्करी चाचणीची किनारपट्टी आहे, तिथे पडके काँक्रीटचे सांगाडे बघायला आता तिकीट काढून लोक जातात. चांदीपुरात सांगाडे नाहीत, कारण इथलं काम संपलेलंच नाही. इथे खूण शोधायची तर माणसांच्या वेळापत्रकात शोधावी लागते.

बलरामगडीला, जिथे बुढाबलंग नदी समुद्राला मिळते, त्या मच्छीमार धक्क्यावर एका होडीवाल्याशी गप्पा झाल्या. त्याच्या डोक्यात दोन कॅलेंडरं आहेत. एक भरती-ओहोटीचं, पंचांगासारखं पाठ. दुसरं रेंजचं, ते कुणी आधी फार दिवस सांगत नाही. निरोप येतो की अमुक दिवशी अमुक पट्ट्यात जायचं नाही. मग होडी बांधून ठेवायची. "वारा खराब असला तर वाऱ्याला शिव्या देता येतात," तो म्हणाला आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं.

मोठी चाचणी असली की प्रकरण होडीवर थांबत नाही. २४ जुलै २०२४ ला क्षेपणास्त्र-विरोधी यंत्रणेची चाचणी झाली, तेव्हा साडेतीन किलोमीटरच्या आतल्या दहा गावांतल्या सुमारे दहा हजार लोकांना पहाटेच घरं सोडून तात्पुरत्या छावण्यांत जावं लागलं. संध्याकाळी परत. त्या दिवसाचे माणशी काहीशे रुपये मिळतात, मोठ्यांना जास्त, लहानांना कमी. टीव्हीवर आपण बघतो ते आकाशात वर जाणारं पांढरं शेपूट. ज्यांच्या अंगणावरून ते जातं ते त्या वेळी कुठल्यातरी शामियान्यात जेवणाच्या रांगेत उभे असतात. म्हशी आणि कोंबड्यांचं काय, असं मी माउसींना विचारलं. त्या हसल्या. "त्यांना कागद येत नाही," म्हणाल्या.

आता एक गोष्ट, जी मला इथे येईपर्यंत नुसती दोन ओळींची माहिती होती. चांदीपूरच्या उत्तरेला, सुवर्णरेखा नदीच्या मुखाजवळ बालियापाल आहे. १९८० च्या दशकाच्या मध्याला सरकारने ठरवलं की राष्ट्रीय चाचणी रेंज इथे करायची. त्यासाठी शंभरहून जास्त गावं उठणार होती. पण बालियापाल म्हणजे काही ओसाड माळ नव्हे. विड्याच्या पानांचे मळे, नारळ, भात, मासळी. अंजनगाव-सुर्जीचा पानमळा ज्याने पाहिलाय त्याला कळेल, वेलीला सावली, पाणी आणि माया किती लावावी लागते ते. ती वेल उचलून दुसरीकडे नेता येत नाही. लोकांनी गावात येणाऱ्या रस्त्यांवर अडथळे उभारले. सरकारी गाडी दिसली की शंख फुंकायचे, थाळ्या बडवायच्या. एका गावाचा शंख ऐकून दुसऱ्या गावात शंख. बायका-पोरं रस्त्यावर आडवी. घराच्या जागेला ओडियात 'भिटामाटी' म्हणतात आणि ती सोडणार नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वसुधा जोशी आणि रंजन पालित यांची 'व्हॉइसेस फ्रॉम बालियापाल' ही १९८८ ची डॉक्युमेंटरी मिळाली तर जरूर बघा.

आणि बालियापाल जिंकलं! रेंज तिथे झाली नाही. देशाच्या संरक्षणाचं नाव पुढे असताना गावकऱ्यांनी शंख फुंकून प्रकल्प परत पाठवल्याची उदाहरणं किती असतील? मला तरी दुसरं चटकन आठवत नाही. तसंही या जिल्ह्याला जमिनीची दुखणी जुनी आहेत. ओडिया कादंबरीचे पितामह फकीरमोहन सेनापती बालासोरचेच, आणि त्यांची गाजलेली कादंबरी आहे एका गरीब विणकराची जमीन हडपण्यावर: 'छ माण आठ गुंठ'. त्यातला गुंठ म्हणजे आपल्याच गुंठ्याचा भाऊ.

बालियापाल सुटलं, पण चांदीपूर सुटलं नाही. शिवाय आणखी दक्षिणेला धामरा बंदरासमोरचं व्हीलर बेट रेंजच्या हाती आलं. तिथे माणसं राहत नव्हती, म्हणजे शंख फुंकायला कुणी नाही. १९९३ पासून तिथून चाचण्या होतात आणि २०१५ मध्ये बेटाला डॉ. कलामांचं नाव मिळालं. मात्र शेजारी गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात लाखो ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. झगझगीत दिवे आणि दणके त्यांना चालत नाहीत. म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये ठरलं की जानेवारी ते मार्च बेटावरच्या चाचण्या बंद ठेवायच्या. चांगलंच झालं, कासवांविषयी माझी काही तक्रार नाही. पण बलरामगडीच्या होडीवाल्याला ही बातमी मी सांगितली तेव्हा त्याने जाळ्यातला मासा सोडवता सोडवता विचारलं, "कासवांचा अर्ज कुणी लिहिला?"

हे सगळं नको होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. न तपासलेला गोळा सीमेवरच्या जवानाच्या हातात फुटतो, आणि तो जवान आमच्या यवतमाळचा असू शकतो. तपासणी हवीच. पण गोळा कारखान्यातून निघतो तेव्हापासून जुना होऊन नष्ट केला जातो तोपर्यंत त्याच्या वाटेवर कोण उभं असतं, ते बघा. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजीला मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यात रोजंदारीवर खड्डे खणायला आणि ओझी उतरवायला आलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. स्फोटानंतर जमिनीत उरणारं लोखंड, तांबं, पितळ वेचून विकणारी माणसं त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं आहेत. तिथे भरती येत नाही. मातीत जे घुसलं ते तसंच राहतं, आणि कुणीतरी ते काढायला जातं. चांदीपूरच्या बायका ओहोटीला शिंपले वेचतात, आमच्याकडच्या धातू वेचतात. दोघींच्या दिवसाची कमाई विचारायचं धाडस मी केलं नाही.

संध्याकाळी पुन्हा वाळूत गेले. कोलकात्याहून आलेलं एक कॉलेजचं टोळकं क्रिकेट खेळत होतं, समुद्राच्या तळावर! बाउंड्री म्हणून चपला ठेवलेल्या. एकाने सिक्सर मारला आणि बॉल पार ओल्या वाळूत जाऊन रुतला. तो आणायला गेलेला पोरगा बराच वेळ परत आला नाही, कारण वाटेत त्याला हॉर्सशू क्रॅब दिसला होता. तेवढ्यात पाणी यायला लागलं. ते लाटांनी येत नाही. कुणीतरी फरशीवर बादली ओतावी तसं गुपचूप पसरत येतं, आधी पायामागच्या खळग्यात, मग पायाशी.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. सरकारी पांथनिवास अगदी किनाऱ्यावर आहे, सुट्ट्यांच्या दिवसांत आधी बुकिंग करा. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, ती रिसेप्शनवर विचारूनच बाहेर पडा. आत फार लांब गेलात तर परतायला वेळ राखून ठेवा, पाणी मागून येऊन वाट अडवतं. बलरामगडीला सकाळी ताजी मासळी मिळते, तिथलीच घ्या. कुंपणाकडे कॅमेरा नेऊ नका. वाळूत धातूचं काहीही दिसलं तर लाथ मारू नका, उचलू नका, आल्या पावली मागे या आणि कुणाला तरी सांगा. आणि परतीच्या रिझर्व्हेशनला एक दिवस जादा ठेवा. कागद आला की इथली माणसं घर सोडून जातात, तुमच्या ऑटोवाल्यासकट.